वरून ओतलेलं पाणी

"मेलेलं ढोर कुणी ओढलंय?"

सरांनी पुस्तकातून मान वर न करता विचारलं. वर्गात आम्ही अकरा जण. दहा माना वळल्या. माझ्याकडं.

हिब्रूचा तास होता. नियमशास्त्राचा भाग. कोणतं जनावर शुद्ध, कोणतं अशुद्ध, मेलेल्या जनावराला कुणी शिवलं तर त्यानं काय करायचं. ती पानं मी आदल्या दिवशी तीनदा वाचून आलो होतो. एकेक शब्द तोंडपाठ. सरांनी मला वाचायला उठवावं म्हणून पहिल्या बाकावर बसलो होतो. त्यांनी उठवलं. पण वाचायला नाही.

"तू उभा राहा. सांग यांना, कसं ओढतात ते."

मी म्हणालो, "सर, मी कधी ओढलेलं नाही."

"तू नसशील. बापानं ओढलं असेल ना? रक्तात असतं ते. सांग."

वर्ग हसला. सरही थोडे हसले. मग पेन हातात घेऊन ते खरंच ऐकायला बसले.

आणि मी सांगितलं. बापाकडून ऐकलेलं सगळं. पाय कसे बांधतात, चार पायांतून वासा कसा घालतात, चार माणसं खांदा कसा देतात, माळावर नेल्यावर सुरी आधी कुठं लावतात, गिधाडं किती वेळात उतरतात. माझी जीभ अडखळत होती, पण थांबत नव्हती. सांगून झाल्यावर सर म्हणाले, "उत्तम. असलं ज्ञान पुस्तकात मिळत नाही." आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. त्या क्षणी मला बरं वाटलं होतं.

परभणी शहराबाहेर ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं हे छोटं विद्यालय होतं. कॉलेजातून बी.ए. होऊन आलेल्यांना तिथं चार वर्षं हिब्रू, ग्रीक, जुने ग्रंथ आणि बाबेल, मिसर, इस्राएल यांचा प्राचीन इतिहास शिकवत. मग धर्मगुरू व्हायचं. माझं शेवटचं वर्ष चालू होतं. आमच्या वस्तीत दहावी झालेले तिघं होते, बी.ए. झालेला मी एकटा.

हिब्रू शिकवणारे सर स्वतः धर्मगुरूही होते, त्यांना सगळे पंडित सर म्हणत. त्यांचे आजोबा पुराण सांगायचे, ते ख्रिस्ती झाले. तीन पिढ्या घरात येशूचं नाव. पण आडनाव तेच, पंगत तीच, लेकी द्यायची घरं तीच. सुंभ जळाला, पीळ तसाच. हिब्रू मात्र ते असं शिकवायचे की ऐकत राहावं. हे मी आजही नाकारत नाही. राग आहे म्हणून खोटं कशाला बोलू?

त्या शास्त्रात असं आहे की मेलेलं जनावर ज्यानं उचललं त्यानं कपडे धुवावेत, आणि तो संध्याकाळपर्यंत अशुद्ध. एवढंच. सूर्य बुडाला की सुटला. त्या तासानंतर पोरांना चेष्टेला विषय मिळाला. मी जेवणाच्या खोलीत शिरलो की कुणीतरी खिडकीतून बाहेर बघायचा आणि म्हणायचा, "संध्याकाळ झाली का रे? नाही? मग थांब जरा." सगळे खो खो हसायचे. मीही हसायचो. मूग गिळून बसणं मला येतच होतं, आता त्यात हसणंही शिकलो.

आता माझ्या बापाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमचं गाव झरीच्या पुढं. तिथं आमच्या लोकांकडं पिढ्यानपिढ्या महारकी. गावात कुणाचंही ढोर मेलं की आम्ही ओढायचं. नाही म्हणायची सोय नाही. माझा आजा निजामाच्या राज्यात असतानाच ख्रिस्ती झाला, पण ढोर ओढायचं काही सुटलं नाही. येशूला मानणाऱ्याच्या खांद्यालाही तोच वासा. मग छप्पन साल आलं. माझा चुलता, संभा काका, बौद्ध झाला. निम्मी वस्ती त्याच्याबरोबर गेली. माझा बाप ख्रिस्तीच राहिला. पण दोघं भाऊ वस्तीच्या मधल्या चौकात उभे राहिले आणि सगळ्यांना म्हणाले, देव कुणाचा कुणीही असो, आजपासून ढोर कुणी ओढायचं नाही.

पाटलानं निरोप पाठवला. बाप गेला नाही. दुसऱ्यांदा माणसं पाठवली. त्यांनी बापाचा डावा हात दगडावर ठेवून मोडला. मी सहा वर्षांचा होतो. तो आवाज मी ऐकलाय. हात पुढं जुळला, पण कोपरात वाकडा. दोन वर्षं गावात आम्हाला काम नाही. बाप त्या एका धड हातानं खडी फोडायला बोरीपर्यंत जायचा. आठ आठ दिवसांनी घरी यायचा. आई त्यातच आजारी पडून गेली. पण त्यानंतर सतरा वर्षं आमच्या वस्तीतला एकही माणूस मेलेल्या ढोराला शिवला नाही. गावाला सवय झाली. ज्याचं ढोर मरेल तो आपल्या शेतात पुरायला लागला. आमच्याकडं जमीन नव्हती, घर धड नव्हतं. एवढी एकच गोष्ट आमची होती.

ती मी मोडली.

दुष्काळ नुकता सरला होता. जनावरं अजून उठली नव्हती, रोज कुठं ना कुठं एखादं पडतच होतं. त्या हिवाळ्यात विद्यालयात एक परदेशी विद्वान आले. प्राचीन इस्राएलातलं रोजचं जगणं, असल्या विषयावर त्यांना पुस्तक लिहायचं होतं. उंच, म्हातारे, हळू बोलणारे. मला त्यांनी हिब्रूत दोन प्रश्न विचारले आणि मी उत्तर दिल्यावर माझा हात हातात घेतला. माणूस वाईट नव्हता. म्हणूनच त्याचा राग करताना मला दम लागतो.

चार दिवसांनी पंडित सरांनी मला खोलीत बोलावलं. त्या साहेबांना मेलेलं जनावर ओढणं, सोलणं, सगळं प्रत्यक्ष बघायचं होतं. फोटो काढायचे होते. सर म्हणाले की अडीच तीन हजार वर्षांपूर्वीची रीत आपल्या जिल्ह्यात अजून जिवंत आहे, हे जगाला कळलं पाहिजे.

मी म्हणालो, "जिवंत नाही, सर. आम्ही सोडून सतरा वर्षं झाली."

"हात विसरतात का? तुझ्या वडिलांना एकदा करून दाखवायला सांग. शास्त्रासाठी."

मग सरांनी टेबलावरचा एक कागद माझ्यापुढं सरकवला. दक्षिणेतल्या मोठ्या विद्यालयात हिब्रूच्या वरच्या पदवीसाठी एक जागा होती. आमच्या भागातून एकच नाव जाणार होतं. सर म्हणाले, "शिफारस मी लिहितो. तुझंच नाव डोक्यात आहे. बघ."

यापेक्षा जास्त ते काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. मी त्यांना नाही म्हणू शकत होतो. हात कुणी माझा दगडावर ठेवला नव्हता. मी तो कागद वाचला, आणि शनिवारी एस.टी.त बसून गावाला गेलो.

बाप अंगणात अंबाडीचा दोर वळत होता. मी एकदम बोललो नाही. दुष्काळाचं बोललो, पिकाचं बोललो, विद्यालयात साहेब आलेत हे सांगितलं, साहेब किती विद्वान आहेत हे सांगितलं. मग शेवटी ते. बापाचे हात थांबले.

"तू सांगायलास का त्यो सायब?"

मी खरं बोललो नाही. साहेबाला पाहिजे असं म्हणालो. मग बापानं दुसरा प्रश्न विचारला.

"तुजं शिक्शान आडलंय का त्येच्यावर?"

मी मान डोलावली.

"बरं," बाप म्हणाला, आणि पुन्हा दोर वळायला लागला.

मी सुटलो असं वाटलं मला. येताना एस.टी.त झोपसुद्धा लागली.

मग ढोर मरायची वाट बघणं सुरू झालं. पाटलाच्या गोठ्यात एक बैल पडून होता. गावाकडून कुणी परभणीला आलं की मी त्याला गाठून विचारायचो, बैल कसा आहे? लोकांना वाटायचं, शिकलेल्या पोराला गावची लय माया. सर मला रोज विचारायचे, "काही बातमी?" एका सकाळी बातमी आली. मी धावत सरांच्या खोलीकडं गेलो. धावत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जीप निघाली. पुढं सर आणि साहेब, मागं मी आणि कॅमेऱ्याच्या पेट्या.

ढोर उचलायला चार माणसं लागतात. बापानं वस्तीत कुणालाही विचारलं नव्हतं. संभा काका वस्तीच्या तोंडाशी उभा होता, त्याच्या मागं बाकीचे. कुणी पुढं आलं नाही. मी शर्टाच्या बाह्या वर करायला लागलो तर सर म्हणाले, "तू नको. तू भाषांतराला हवास." मग पाटलानं बैलजोडी दिली. सतरा वर्षांपूर्वी ज्यानं हात मोडला त्यानंच बैल दिले, दोर दिला, सुरी दिली. माळावर स्वतःसाठी खुर्ची आणवली. आमच्या घरात सुरी नव्हती, बापानं ती केव्हाच ओढ्यात फेकली होती.

"पोरगं शिकलेलं हाय तुजं," पाटील बापाला म्हणाला. "आमाला जमलं न्हाई ते त्येनं केलं. तुला शानपन आनलं."

बापानं मेलेल्या बैलाचे पाय बांधले. वाकड्या हातानं दोर धरायचा, उजव्यानं गाठ मारायची. साहेब मधेच हात वर करायचे, म्हणजे थांब. फोटो निघाला की हात खाली, म्हणजे कर. एकदा ऊन नीट येत नव्हतं म्हणून बापाला या बाजूनं उठवून त्या बाजूला बसवलं. ते सांगायचं काम माझं. "बापू, जरा इकडं." "बापू, सुरी वर धर." "बापू, मान वर कर." मी भाषांतर करत होतो. चार वर्षं शिकलेलं.

साहेबांनी विचारलं, हे करताना हा माणूस काही मंत्र म्हणतो का? मी बापाला विचारलंच नाही. नाही म्हणून सांगून टाकलं.

गाव जमला होता. पोरं झाडांवर चढली होती. संभा काका लांबून चालत आला, बापाकडं न बघता माझ्याजवळ थांबला. हळू आवाजात बोलला.

"कुऱ्हाडीचा दांडा झालास रं. बाप इकून शिकायलास व्हय?"

आणि निघून गेला. सरांनी विचारलं काय म्हणाला. मी म्हणालो, चुलता आहे, ख्यालीखुशाली विचारत होता.

सोलून झालं. बापाचे दोन्ही हात कोपरापर्यंत रक्तानं भरलेले. साहेब पुढं आले, त्यांना बापाचा हात हातात घ्यायचा होता. बापानं हात मागं नेले. तेव्हा सर पुढं झाले. जीपमधून तांब्या आणला, साबणाची वडी आणली. वडी जमिनीवर ठेवली. "घे, हात धू," म्हणाले. बाप उकिडवा बसला आणि त्यानं ओंजळ पुढं धरली.

सरांनी तांब्या वर धरला. छातीच्याही वर. तिथून पाणी सोडलं. पाण्याची लांब धार बापाच्या हातावर पडत होती, शिंतोडे उडत होते, आणि सर दोन पावलं मागं सरकून, कमरेत वाकून, धोतराला शिंतोडा लागू नये म्हणून एका हातानं सोगा सावरून धरत होते. तांब्याचं तोंड बापाच्या हातापासून दीड हात लांब.

हे पाणी आमच्याकडं तान्ह्या पोरालाही ओळखता येतं. हॉटेलात असंच, पाटलाच्या वाड्यामागं असंच, शाळेत मास्तर असंच. तांब्या जेवढा वर, तेवढे तुम्ही खाली. पण हे सर तर आमचे. हेच हात आम्हाला प्रभुभोजनाची भाकर देत होते. बाप्तिस्म्याचं पाणी हेच हात घालत होते. ते हात सवयीनं वर गेले. सरांना स्वतःला कळलंसुद्धा नसेल.

साहेबांचा कॅमेरा तेवढ्यात वाजला. त्यांना ते फार आवडलं. दोनदा काढला.

जीप परत निघाली तेव्हा बाप तसाच उकिडवा बसून होता. सर मला म्हणाले, "शाब्बास." मी "थँक्यू सर" म्हणालो.

पुढचे चार महिने मी अभ्यास केला. गावाला गेलो नाही. कारणं खूप होती. परीक्षा, प्रबंध, उन्हाळा. खरं कारण मला माहीत होतं. शिफारस लिहून झाली होती, सरांनी मला लिफाफा दाखवला होता, फक्त पाठवायचा बाकी होता. पावसाळ्यानंतर मी दक्षिणेत असणार होतो.

मग साहेबांचं पार्सल आलं. रंगीत फोटोंच्या पारदर्शक पट्ट्या, यंत्रात घालून भिंतीवर मोठ्या दाखवायच्या. सोबत टाइप केलेली यादी, प्रत्येक फोटोला क्रमांक आणि खाली माहिती. सरांनी विद्यालयाच्या कार्यकारी मंडळाला बोलावलं, शहरातली चार प्रतिष्ठित माणसं बोलावली. भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावल्या. सर काठी घेऊन भिंतीजवळ. माझं काम यादी वाचायची आणि मराठीत सांगायची.

क्रमांक एक, दोन, तीन. गाव, ओढा, वस्ती. क्रमांक चार, मृत बैल. मी वाचत गेलो. क्रमांक सहा, पाटील खुर्चीवर. खाली लिहिलं होतं, ग्रामप्रमुख. क्रमांक सातला माझा बाप भिंतीभर पसरला. वाकलेला. हातात सुरी. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "संध्याकाळ झाली का रे?" थोडं हसू.

मी यादी वाचली. "क्रमांक सात. मृत जनावर हाताळणारा. प्राचीन रीतीचा जिवंत नमुना." माझ्या तोंडानं वाचलं. नाव नव्हतं. पाटलाचंही नव्हतं, पण पाटलाला खुर्ची तरी होती.

क्रमांक नऊ.

भिंतीवर सर उभे. हातात तांब्या, वर धरलेला. खाली बापाची ओंजळ. पाण्याची धार उन्हात चकाकत होती. फोटो सुंदर होता. मी यादीत बघितलं. साहेबांनी लिहिलं होतं की धर्मगुरू अशुद्ध माणसावर शुद्धीकरणाचं पाणी घालत आहेत, आणि ही रीत तिथं जवळजवळ जशीच्या तशी टिकून आहे.

त्या बिचाऱ्याला काय कळणार? त्यानं हजारो वर्षांपूर्वीची पुस्तकं वाचली होती, परभणी जिल्ह्यातला तांब्या त्यानं कुठं बघितला होता. पण सरांना कळत होतं. सरांनी ती यादी आधी वाचली होती. आणि सर त्या भिंतीजवळ, स्वतःच्या चित्राखाली, मान किंचित वर करून उभे होते. त्यांना ते खरं वाटायला लागलं होतं.

मी यादी खाली ठेवली.

"वाच," सर म्हणाले.

"हे खरं नाही, सर."

"वाच म्हटलं ना."

मग माझी चार वर्षांची शुद्ध भाषा गेली. कुठं गेली कुणास ठाऊक. मी गावच्या बोलीत बोललो, एवढ्या माणसांत, पहिल्यांदा.

"हे शुद्धीकरन न्हाई. ह्यो माजा बाप हाय. तांब्या वर का धरलाय, ते सांगा लोकास्नी."

यंत्राचा पंखा घुर्र करत होता. मंडळातले एक म्हातारे गृहस्थ खोकले आणि खाली बघायला लागले. खोलीतल्या प्रत्येकाला ते चित्र आता दिसलं होतं. आधीही दिसत होतं. सर म्हणाले, "खिडक्या उघडा." मग पाहुण्यांना म्हणाले की मुलगा हुशार आहे, पण परीक्षेचा ताण आहे. माझे दहा सोबती घोंगड्या काढायला लागले. एकानंही माझ्याकडं बघितलं नाही.

सरांनी मला खोलीत बोलावलं. लिफाफा टेबलावर होता. त्याच्या शेजारी कोरा कागद. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं की मंडळाला दोन ओळींचा माफीनामा दिला की विषय संपला, लिफाफा आजच्या टपालानं जाईल.

मी म्हणालो, "माफी तुम्ही मागा. माझ्या बापाची."

सरांच्या तोंडावर राग नव्हता. खरोखरचा गोंधळ होता.

"कशाबद्दल? पाणी दिलं त्याबद्दल?"

त्या प्रश्नानं माझे डोळे उघडले. त्याआधी मला वाटायचं, हिब्रू पुरेशी आली की ही माणसं मला आपल्यात घेतील. ग्रीक आली की घेतील. परदेशी साहेबानं हात हातात घेतला, आता तर घेतीलच. मी आयुष्याची अठरा वर्षं शिकत होतो ते कुणीतरी तांब्या खाली आणावा म्हणून. आणि हा माणूस, ज्याला जगातल्या पाच जुन्या भाषा येत होत्या, त्याला आपला हात वर गेला हे दिसत नव्हतं. फोटो दाखवूनही दिसत नव्हतं.

मी कागद कोरा ठेवला. ट्रंक घेतली आणि बाहेर पडलो. ती जागा नंतर मागच्या बाकावरून संध्याकाळ विचारणाऱ्या त्या पोराला मिळाली.

मला वाटलं होतं, मी मोठं काहीतरी केलं. गावात शिरताना माझी मान ताठ होती. वस्तीच्या तोंडाशी पोचलो आणि कळलं की मी फक्त माझ्यापुरतं नाही म्हणून आलो होतो. बाकीच्यांचं मी आधीच वाटोळं केलं होतं.

जीप गेल्यावर आठव्या दिवशी पाटलाची म्हैस मेली. पाटलाचा गडी वस्तीत आला. बाप म्हणाला, ते एकदाच होतं. गडी म्हणाला, "सायबासाठी हात चालतोय, आन मालकासाठी वाकडा व्हतोय का?" सतरा वर्षं जे उत्तर वस्तीकडं होतं ते आता नव्हतं. फोटो निघाला होता. गावानं झाडावर चढून बघितलं होतं. त्यांनी बापाला ओढायला लावलं. मग दुसऱ्यांना. त्या चार महिन्यांत वस्तीनं नऊ ढोरं ओढली होती. संभा काकाला ओढायला लावलं तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशातला बाबासाहेबांचा बिल्ला त्यांनी काढून बैलाच्या शिंगाला अडकवला होता. काकानं तो सोडवला, पुसला, आणि तेव्हापासून तो माझ्या बापाच्या दारावरून जात नव्हता.

मी बापापुढं बसलो. सगळं सांगितलं. जागा सोडली, माफी लिहिली नाही, भरसभेत बोललो. बाप ऐकत होता. माझं बोलून झालं तेव्हा एवढंच म्हणाला,

"पाटलाला न्हाई म्हनलो, हात मोडून घेतला. तुला न्हाई म्हनता आलं न्हाई मला. आता बोलू नगंस."

त्यानंतर बाप माझ्याशी बोलला नाही. त्याच घरात, त्याच चुलीवर, सहा वर्षं. मेला तेव्हाही त्यानं पाणी काकाच्या लेकाकडून मागितलं. यात कुणी क्षमेची गोष्ट शोधू नये. नाही ती यात.

पण ते पुढचं. मी परतल्यावर दहाव्या दिवशी पाटलाचा गोऱ्हा मेला आणि गडी आला. मी दारात उभा राहिलो. त्याला सांगितलं, वस्तीतनं कुणी येणार न्हाई. तो हसला आणि गेला. मग मी वस्तीतल्या एकेका घरी गेलो. कुणी दार उघडलं, कुणी नाही. संभा काकाच्या अंगणात उभा राहिलो. तो आतूनच म्हणाला की तुझ्या बोलण्यावर आता कुत्रंसुद्धा भाकर खाणार नाही. मी म्हणालो, खाऊ नका. फक्त आज जाऊ नका. पहिला मार मला पडू द्या.

पडला. वस्तीतून ओढत नेऊन, पाटलाच्या अंगणात, भर दुपारी, गावासमोर. बरगडी मोडली. मी पडल्या पडल्या तेच म्हणत राहिलो, न्हाई. वस्तीतून कुणी आलं नाही, ना मला सोडवायला, ना ढोर ओढायला. मला तेवढंच पाहिजे होतं.

गोऱ्हा तिसऱ्या दिवशी फुगला. चौथ्या दिवशी पाटलाच्या लेकांनी नाकाला उपरणी बांधून तो शेतात नेला. पाचव्या दिवसापासून आमचं काम बंद, गिरणीत दळण बंद, शेतातून जायची वाट बंद. बायका माझ्या तोंडावर मला शिव्या देत होत्या. द्याव्यात. त्यांच्या लेकरांच्या पोटावर मी दोनदा पाय दिला होता, एकदा जाताना आणि एकदा येताना.

पुढच्या महिन्यात आणखी एक जनावर मेलं. गडी आला, मी दारात उभा राहिलो. त्याच्यापुढच्या वेळीही. मला धर्मगुरू व्हायचं नाही. मला कुणाच्या पंगतीत जागा नको, कुणाच्या लिफाफ्यात नाव नको, आणि ज्यांचं मी नुकसान केलं त्यांची मायाही मी मागणार नाही. जी एक गोष्ट माझ्या बापानं हाड मोडून मिळवली आणि मी एका कागदासाठी विकली, ती मी परत आणणार आहे. जोवर माझ्यात श्वास आहे तोवर या वस्तीचा एकही हात दुसऱ्याच्या मेलेल्या ढोराला लागणार नाही. ज्याचं ढोर, त्यानं ओढायचं.